हर्षालीच्या ट्रेलरला मारलेली गाठ

कोळीवाडा, पनवेल
रविवार

चिरंजीव कमळाकर यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे ठमीचा, आशीर्वाद. तुझ्या गोदूबाईचा गुडघा कसा आहे? तुझ्या कानांचं काही केलंस का? फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझं मात्र अख्ख्या करंजा गावाला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. इकडे सगळं खुशाल. खुशाल म्हणजे, माझी नात हर्षाली ट्रेलर घेऊन जालन्याच्या लोखंड कारखान्याच्या वाटेवर आहे, तिचा फोन अजून आलेला नाही, आणि मी पत्र कमी लिहिते, उठून फोन जास्त बघते. (आत्ताही बघून आले. कसली तरी जाहिरात होती, मेली.)

आपल्या घरात बाईमाणसानं होडीत पाय ठेवला तर बाबा होडी धुऊन घ्यायचे, आठवतं? त्याच घरातली पोर आता चाळीस फुटी ट्रेलर हाकते! वरून उघडा, बाजूंना नुसत्या खुंट्या, आणि त्यावर कळंबोलीच्या यार्डातलं भंगार. खाली गर्डर आणि मोटारींची इंजिनं, वर पत्रे, डबे, मोडके कूलर. जड ते खाली आणि मधोमध, हे तर आपणही टोपली भरताना करतो. मग वरून साखळ्या टाकून कसायच्या, आणि थोडं पुढे गेलं की उतरून परत कसायच्या, कारण भंगार वाटेत दबून बसतं आणि साखळी सैल पडते. (माझ्या बांगड्यांचंही हल्ली तसंच झालंय, पण त्या कोण कसणार.)

मागच्या खेपेला एक कुकरचं झाकण उडालं आणि एका टेम्पोपुढे गडगडत गेलं. कुणाला लागलं नाही, एकवीरा आईची कृपा. पण यार्डाचे मालक बद्रुद्दीनशेठ म्हणाले, "पोरी, आता एक खिळा जरी रस्त्यावर पडला, तर माझा माल तुझ्या गाडीत नाय." माणूस वाईट नाही, ईदेला शिरखुर्मा पाठवतो, पण बोलला तो बोललाच. तेव्हापासून पोरीला जेवण जाईना. समोर भरलेलं पापलेट, आणि ही ताटात बोटानं साखळ्या काढते आहे.

ताडपत्री घातली, ती पत्र्यांनी फाडली. तेव्हा मला सुचलं, उसळून बाहेर पडणारी वस्तू आपण जन्मभर कशात धरली? जाळ्यात! माळ्यावरचं डोलीचं, पिशवीसारखं मोठं जाळं काढलं, रिक्षात घातलं (रिक्षावाला नाकाला रुमाल लावून बसला, स्वतः बोंबील खाऊनच आला असणार) आणि थेट यार्डात. हर्षाली म्हणाली, "आजे, तू घरी बस ना गं." मी कशाला बसते? जाळं पसरलं, असं झोकात बसलं म्हणून सांगू! ती पुढे साखळी कसत होती, तेवढ्यात मागचं तोंड मी माझ्या हातानं आवळलं.

गाडी यार्डातल्याच वजनकाट्यावर गेली. काट्यावरच्या देवेशला दोरीचं टोक लोंबताना दिसलं. टापटिपीचा माणूस. नीट खोचावं म्हणून त्यानं ते जरासं ओढलं, आणि कमळाकर, सगळं सळसळत खाली! डबे, पत्रे, कूलर. देवेशनं उडी मारली म्हणून वाचला. गाठ कोणती होती ते तुला कळलंच असेल. खोल्याची, जाळ्याच्या शेपटाची! उभा जन्म जाळी शिवून खोला मीच बांधून दिला, एक टोक ओढलं की मासळी धबाधब टोपलीत, तीच गाठ हातातून गेली. हाताला काय ठाऊक आत म्हावरं आहे की मडगार्ड? खरं सांगते, भंगार कोसळताना माझा हात टोपलीकडेच गेला.

बद्रुद्दीनशेठ धावत आले. "अगो ठमाबाय, ह्या भंगार हाय, म्हावरा नाय!" सगळं यार्ड हसलं. हर्षाली हसली नाही. मला वाटलं, पोरीचं काम गेलं, आणि घालवलं मी. शेठनं ढिगाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि म्हणाले, "रस्त्यावर नाय पडला, माझ्या दारात पडला. भरा परत." मग तिनं स्वतः गाठी मारल्या, देवेशला दोरीला लोंबकळायला लावलं, आणि मला चहाच्या टपरीवर बसवून कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मी लावला नाही. फक्त पुढे लिंबू-मिरची बांधली.

आता बस्स. डोळे फोनवर, हात पत्रावर, भाताचा वास येतोय तो बहुतेक करपल्याचाच.

तुझी,
ठमी

ता.क. फोन आला! गाडी पोचली. "आजे, एक खिळा नाय पडला!" म्हणाली, आणि खूप हसली. मी गल्लीत साखर वाटली. भात करपलाच.

आणखी एक. माळ्यावरचं जाळं म्हणजे तू पावसाळ्यापुरतं ठेवलेलंच ते, नारळी पौर्णिमेला न्यायला येणार होतास. तिकडे कारखान्यात क्रेनच्या पंजानं ते भंगारासकट उचललं. आता त्यातून देवमासाही आरामात निसटेल. रागावू नकोस. शनिवारी पोरीची पुढची खेप आहे, तेव्हा तुझं दुसरं जाळं लगेच पाठव.

शेवटचं. लिंबू-मिरची मात्र वाटेत पडली. गाठ माझी होती. शेठ खिळ्याबद्दल बोलले होते, लिंबाबद्दल नाही, पण तू हे फोनवर कुणाला सांगू नकोस. तुझा आवाज कळंबोलीपर्यंत येतो.