मांडवामागचा फ्रिज

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, २० ऑगस्ट १९७८

ती. सौ. आक्कास,

जोतीरामचा नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळे बरे आहोत, तिकडेही असाल. मे महिन्यानंतर तुझं पत्र नाही, म्हणून 'असाल' एवढंच लिहितो.

आईचे गुडघे दुखतात, पण तिची तक्रार गुडघ्यांपेक्षा एस.टी.च्या पायऱ्यांबद्दल जास्त असते. तुझी भावजय माहेरी आहे, तिला सहावा लागला. मी बाळासोच्या खोलीवर राहतो. शाळेतला आपला बाळासो, आता कारखान्यात फिटर आहे. तो भात करतो आणि मी खातो, यापलीकडे भाताबद्दल काही लिहीत नाही.

माझं ट्रेनिंग संपलं. उद्या पुन्हा आपल्या गुरांच्या दवाखान्यात हजर होतो.

आक्का, ट्रेनिंग नव्हतंच. आईला तसं सांगितलं होतं. जूनपासून मी सस्पेंड होतो. हे तुला हंबीररावांच्या घरातून कधीच कळलं असणार, पण ते त्यांच्या बाजूनं. माझ्या तोंडून तू काही ऐकलेलं नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझे चुलत दीर म्हणून हंबीररावांनी पंचायत समितीत शब्द टाकला आणि मला दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली ही स्टॉकमनची नोकरी लागली. ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी सकाळपासून पाणी वाढत होतो, तूही बघितलंस. दुपारी तू माझ्या हातात कोकमाचा पेला दिलास आणि म्हणालीस, "घे की, दात शिवशिवतील असलं गार हाय." मी दोन पेले प्यालो. तिसरा घ्यायला मांडवामागं गेलो, तर तिथं आमच्या दवाखान्याचा फ्रिज उभा. वर सतरंजी टाकली होती, पण बाजूला लाल रंगात लिहिलेलं खात्याचं नाव दिसत होतं. आत सरबताची पातेली आणि बासुंदी.

पावसाआधी गुरांना घटसर्पाची लस टोचतात. ती लस त्याच फ्रिजमध्ये असते, आणि थंडच राहावी लागते. मी तसाच सायकलवरून दवाखान्यात गेलो. फ्रिज आदल्या दिवशी ट्रॅक्टरमधून नेला होता. बाटल्या ओल्या पोत्याखाली, खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात. हात लावला तर कोमट. गरम झालेली लस दिसायला तशीच दिसते, हीच तिची अडचण.

लग्नानंतर फ्रिज परत आला, बाटल्या आत गेल्या, आणि टोचणीचा दिवस उजाडला. पहिली अंबूबाईची म्हैस. आमचे साहेब डॉक्टर देशिंगकर म्हणाले, टोचा. मी सुई खाली ठेवली.

"टोचा की वो, म्हस सकाळधरनं उभी हाय," अंबूबाई म्हणाली.

"आज न्हाय, अंबूबाई."

"का? म्हशीचा मुहूर्त न्हाय व्हय आज?"

सगळे हसले. मी नाही हसलो. नवी लस येईपर्यंत कुणी जनावर आणू नका, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्यावरचा आरोप पुढं याच वाक्यावर उभा राहिला. हुकूम मोडला आणि लोकांत घबराट पसरवली.

संध्याकाळी हंबीरराव जीप घेऊन आले. ओरडले नाहीत. "लेका, घरचा माणूस म्हणून तुला आणला," म्हणाले. "दोन दिस बाटल्या भाईर ऱ्हायल्या म्हणून म्हशी मरत्यात व्हय?" मी म्हटलं, मरतील की नाही ते मलाही माहीत नाही, म्हणूनच टोचत नाही. "मग आता तुझी नोकरी ऱ्हाईल का न्हाय, ते मलाबी म्हाईत न्हाय," एवढं बोलून ते गेले.

बाळासो म्हणाला, पुण्याला खात्याच्या वरच्या ऑफिसात निनावी अर्ज टाक. पण निनावी कागद कोण वाचतं? आणि नाव घालून परस्पर पाठवावा तर तोच गुन्हा. आमच्यात वरिष्ठांकडं काहीही पाठवायचं तर ते आपल्या साहेबांमार्फत. साहेबाविरुद्धची तक्रारसुद्धा साहेबाच्याच हातून. नोकरानं खरं सांगितलं तर त्याला कोण सांभाळणार, हे मी नियमांच्या पुस्तकात शोधलं. एक ओळ सापडली नाही. गप्प बसण्याचे नियम मात्र पानोपानी आहेत.

शेवटी अर्ज लिहिला आणि डॉक्टरांच्याच टेबलावर ठेवला. त्यांनी तो माझ्यासमोर वाचला.

"माझ्याविरुद्धचा अर्ज माझ्याकडेच?"

"साहेब, नियम तसा आहे."

"नियम मूर्खपणाचा आहे."

"असेल. पण परस्पर पाठवला असता तर मी तुमच्या मागं बोललो असं झालं असतं."

त्यांनी अर्ज खणात टाकला. पुढं काही कळलं नाही. आठवडाभरात मला घरी बसवलं. खणातला कागद तिथंच कुजला असं मी धरून चाललो. डॉक्टरांची नोकरीची दोनच वर्षं राहिली होती, मुलगी लग्नाची होती. मी त्यांना दोष तरी काय देऊ?

परवा शुक्रवारी चौकशी झाली. पुण्याहून एक साहेब आले होते. समोरच्या बाकावर डॉक्टर आणि त्यांच्या मागं हंबीरराव, फेटा बांधून. मला विचारलं, हुकूम मोडला का? मी हो म्हणालो. मग डॉक्टरांना विचारलं, फ्रिज कुणी दिला?

"मी दिला," डॉक्टर म्हणाले. "हंबीररावांनी मागितला, मला नाही म्हणवलं नाही. लस गरम झाली होती हे मलाही माहीत होतं. यांचा अर्ज मी त्याच दिवशी वर पाठवलाय, मजकूर खरा आहे असा शेरा मारून. आपल्याकडे पोचला असेल."

पोचला होता, आक्का. तो वाचूनच ते साहेब आले होते. मी अडीच महिने उगीच त्या खणाकडं बघत होतो.

मग डॉक्टर म्हणाले, "हा माणूस माझ्याविरुद्ध बोलला, पण माझ्या तोंडावर बोलला. याला घालवलात तर पुढच्या वेळी लस गरम झालीय हे मला कोण सांगणार? आणि मी पुन्हा चुकणार नाही असं कुणी धरून चालू नये." साहेबांनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडं बघितलं. हंबीरराव फेटा सारखा करत होते.

सस्पेन्शन उठलं. पगार मिळेल. शिवाय दोन वर्षं माझी बदली त्या साहेबांना विचारल्याशिवाय करायची नाही, असं त्यांनी लेखी दिलं. डॉक्टरांना ठपका बसला, जिल्ह्याची बढती गेली. बाहेर आल्यावर मी त्यांना काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "सोमवारी वेळेवर या, सुया उकळायच्या आहेत." मला सुटल्यासारखं वाटतंय, आणि त्यांच्याकडं बघून पुरतं सुटल्यासारखं वाटतही नाही.

नवी लस जूनमध्येच आली होती. डॉक्टरांनी स्वतः टोचली. यंदा आपल्या भागात घटसर्पानं एकही जनावर गेलं नाही.

हंबीररावांचं काही बिघडलेलं नाही. लोक थोडे दिवस हसले, एवढंच. पण तुला त्या घरात वावरायचं आहे, ते मला कळतं. नोकरी देणाऱ्याचंच नाव अर्जात घातलं, असं तिथं बोलत असतील. घातलं. ते वगळून अर्ज लिहिता येत नव्हता. दोनदा लिहून बघितला.

आई काल इथं खोलीवर येऊन गेली. म्हणाली, पंचमीला तू पिशवी भरून ठेवली होतीस आणि दुपारपर्यंत दारात मुराळ्याची वाट बघत होतीस. मला वाटलं होतं, तू माझं नाव टाकलंस. आणि सस्पेंड झालेला भाऊ तुला न्यायला तुझ्या सासरच्या दारात उभा राहिला, तर लोक तुलाच बोलतील, म्हणून आलो नाही. तू वाट बघत होतीस हे ऐकलं आणि जेवण झाल्यावरही बराच वेळ ताटावरनं उठलो नाही. बाळासोला वाटलं, भात आवडला.

गौरीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो. तुझ्या घराची वाट हंबीररावांच्या दारावरूनच जाते. तिथं थांबून त्यांना नमस्कार करणार आहे. त्यांनी मान वळवली तरी चालेल. तू मात्र पिशवी भरून ठेव.

तुला न्यायला येणारा,
तुझा भाऊ
जोतीराम