खडूची चार अक्षरं

वन्सं, तुम्हाला वाकून नमस्कार. (एवढ्या लांबून वाकलेलं दिसणार नाही, पण वाकले आहे, कंबर साक्षीला आहे.) गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याऐवजी खिडकीच्या आपटणाऱ्या दाराला बांधला आहे, असं तुमच्या लेकाकडून कळलं. खिडकीला आराम पडला असेल तर एकदा गुडघ्यालाही बांधून बघा. आमच्याकडे सगळे बरे. जुळ्यांचे पुढचे दात एकाच वेळी पडले, त्यामुळे तूर्त घरात ‘स’ हे अक्षर नाही. फोनवर तुम्ही विचारलंत की घराचं काय केलंत, आणि उत्तर यायच्या आत फोन या कानावरून त्या कानावर नेताना बंद केलात. म्हणून हे सविस्तर.

घर नव्यानं करायचं हे चिरंजिवांनी ठरवलं. दिसायला देखणं आणि वापरायला दणकट, असं त्याचं म्हणणं. (मी म्हटलं, असं माणूससुद्धा मिळत नाही, तू घर मागतोस.) मला धास्ती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे ह्यांच्या टेबलाची. तुम्हाला माहीतच आहे, हे गेल्यावर दुकान बंद झालं आणि कपडे बेतायचं ते टेबल आपल्या बाहेरच्या खोलीत आलं. अर्धी खोली त्यानंच खाल्ली. मी त्यावर काच बसवली, काचेवर चादर घातली, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा नियम केला. चिरंजीव येता-जाता त्याच्या कोपऱ्यावर आपटायचा आणि विचारायचा, आई, हे टेबल आहे की चौथरा? मी चादर सारखी करायची. पण नव्या घरात ते टेबल नसणार, हे मला कळून चुकलं होतं, आणि त्या विचारानं माझं पुस्तकातसुद्धा लक्ष लागेना. एकच पान तीनदा वाचून तिन्ही वेळा नवीन वाटायचं.

मग घर सजवणाऱ्या बाई आल्या. जुळ्यांनी त्यांचं नाव ‘मापबाई’ ठेवलं, कारण कमरेला टेप लावून त्या उठता-बसता मापं घेत. वन्सं, मी आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसाबरोबर राहिले, पण असली मापं पाहिली नव्हती. मला वाटलं, रंगाची पुस्तकं काढून बसतील. त्या फरशीवर बसल्या. जुळ्यांच्या डोळ्यांइतक्या उंचीवरून घर कसं दिसतं ते बघत राहिल्या, आणि मलाही खाली बसवलं. (उठवायला सूनबाईला बोलवावं लागलं.) खरं सांगते, तिथून आपलं घर म्हणजे नुसत्या कडा आणि टोकं होती. मुलं अजून शाबूत कशी, याचंच नवल वाटलं. मग त्यांनी विचारलं, या घरात कोण कुठे रुसून बसतं? आमच्यात कोणी रुसत नाही, असं तिघांनी एका सुरात सांगितलं. मापबाईंनी वहीचं पान कोरं ठेवून पेन्सिल तशीच धरली. जरा वेळानं सूनबाई म्हणाली, आई जिन्यात बसतात. मी म्हटलं, तू न्हाणीघरात बसतेस, आणि बादली भरून वाहत असते. चिरंजीव म्हणाला, मला तर जागाच उरत नाही. मापबाईंनी ते सगळं लिहून घेतलं. पुढे सोफ्याच्या कापडांचे तुकडे आणून त्यांवर चहा सांडून ठेवला, आणि जुळ्यांच्या हाती किल्ल्या देऊन नमुन्याच्या फळ्यांवर मनसोक्त ओरबाडा म्हणाल्या. जिच्यावर चरा उठला ती फळी बाद. आपली जुळी जगाच्या उपयोगी पडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी त्या टेबलापाशी आल्या. चादर काढू का, असं त्यांनी मला विचारलं, चिरंजिवाला नाही. मग काच उचलायला लावली. उभं राहून काम करताना ह्यांचं पोट जिथे टेकायचं तिथली कड झिजून खोलगट झाली आहे ना, तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणाल्या, “हे राहील. बाकीचं घर याच्याभोवती बेतू.”

‘बेतू’ म्हणाल्या, वन्सं. मी दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं.

काम चालू असेपर्यंत आम्ही सूनबाईच्या माहेरी राहायला गेलो. निघताना मला शंका आली की सामान हलवताना कोणी टेबल उचललं तर? म्हणून खडू घेऊन मी स्वतः त्यावर ठसठशीत लिहिलं की काढू नये. आता तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत गेलेली नाही. दुकानात कापडाभोवती गुंडाळून येणारे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले. अक्षर माझं वळणदार आहे, पण दोन शब्दांत जागा किती सोडायची हे सांगायला कोणी नव्हतं. शिवणात जशी शिलाई सलग, तसं माझं लिहिणं सलग. (तुम्हाला मी पाठवलेली पत्रं तुम्ही नातीकडून वाचून घेता ते का, हे मला आता समजलं. हे पत्र मुद्दाम सुटं सुटं लिहिते आहे.)

परत आलो तर घर बघून माझी बोटं तोंडात गेली. खण असे की कितीही जोरात ढकला, बंद होताना शेवटी शहाणे होऊन हळूच मिटतात. सूनबाईची मोठी पंचाईत झाली. पूर्वी तिचा राग खण आपटण्यावरून कळायचा, आता तिला तो तोंडानं सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर निम्मा उरतो. भिंतीवर जुळ्यांनी पहिल्याच दिवशी हत्ती काढला, तो ओल्या फडक्यानं गेला. जिन्याशेजारी एका माणसापुरती गादीची बैठक केली आहे, वर दिवा, हाताशी पुस्तकांची फळी. माझी रुसायची जागा. इतकी सुंदर आहे की तिथे बसल्यावर कशासाठी रुसले होते ते आठवत नाही. माणसाचं मन टेपनं मोजणारं कोणी असतं, हे मला या वयात कळलं.

आणि बाहेरच्या खोलीत, सगळं घर जिच्याभोवती बेतलं होतं ती जागा, रिकामी.

सुताराला बोलावलं. तो आपला शांत. म्हणाला, “आजी, तुम्हीच तर लिहिलं होतंत. काढून ये.”

“काढू नये,” मी म्हटलं.

“तेच म्हणतोय. काढून ये.”

त्यानं पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो घेऊन ठेवला होता. मी बोटानं शब्द तोडून दाखवले. त्यानं ओठ हलवत दोन-तीनदा वाचलं आणि म्हणाला, दोन्ही होतंय की हो. मग जरा थांबून म्हणाला, एकेरीत लिहिलंत म्हणून वाईट वाटलं होतं, पण वयानं मोठ्या आहात, म्हणून बोललो नाही.  टेबल त्यानं एका टेंपोवाल्याबरोबर काढून दिलं होतं, मापबाईंना वाटलं होतं की आम्हीच ते जपून हलवलंय, आणि टेंपोवाला लांबच्या फेरीला गेलेला, त्याचा फोन लागेना. चिरंजीव त्याच दिवसापासून जुन्या सामानाची दुकानं पालथी घालू लागला. मी बैठकीत जाऊन बसले. त्या दिवशी कशासाठी बसले होते ते चांगलं आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात टेंपोवाला परतला आणि आपणहून दारात आला. घरात मी एकटीच होते. त्याची बायको बायकांच्या शिवणवर्गाला जाते, तिथे टेबल नव्हतं, बायका जमिनीवर कापड पसरून बेतायच्या, म्हणून तिथे उतरवलं म्हणाला. परत आणून देतो म्हणाला. मी म्हटलं, आधी मला दाखव.

वन्सं, दारातूनच आवाज आला. लाकडावर टेकून कात्री चालते तेव्हा येतो तो, करकर करकर. हे गेल्यापासून ऐकला नव्हता. घरी मी काच बसवून ठेवली होती, आवाज येणार कुठून? टेबलाभोवती बायकाच बायका, वर कापडाचे ढीग, खडूच्या रेघा, कोणाचा चहाचा पेला. आणि ती खोलगट कड आहे ना, तिथे एक पोटुशी मुलगी पोट टेकून, जीभ दातात धरून बाही बेतत होती. मापानं तिच्यासाठीच झिजवल्यासारखी. मी बघतच राहिले. मास्तरीणबाईंनी विचारलं, नाव घालायचंय का? मी म्हटलं, नुसती बघायला आले आहे. पण ती मुलगी कापड न उलटता दुसरी बाही बेतायला लागली तेव्हा माझ्यानं राहवेना. “अगं, दोन्ही डाव्या होतील,” मी म्हटलं, आणि कापड हातात घेतलं.

टेबल मागायचं राहून गेलं. राहू दे. घर देखणं झालं, दणकट झालं, टेबल कामाला लागलं. मला आता कोणाकडून काहीएक नको. प्रकृतीला जपा, नातीला पापा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काहीएक नको म्हटलं खरं, पण दुकान आवरलं त्या दिवशी ह्यांची मोठी कात्री तुम्ही आठवण म्हणून नेलीत. तिनं तुम्ही कुंड्यांतली झाडं छाटता, हे मला ठाऊक आहे. (मी कधी बोलले नाही. मी बोलत नाही, जिन्यात बसते.) वर्गातल्या कात्र्या जाड कापडावर चावतात. धार लावून पाठवाल का? मी आता रोज दुपारी जाते. घरी सांगितलं आहे की वाचनालयात जाते.

पुन्हा ता. क. टेबल सापडल्याचं चिरंजिवाला मी अजून सांगितलेलं नाही, टेंपोवाल्यालाही बजावून ठेवलं आहे, तुम्हीही सांगू नका. तो फोन करील आणि विचारील, आत्या, त्याचे पाय कसे होते, कड कुठे झिजली होती? हे गेल्यापासून त्यानं वडिलांचा विषय एकदाही काढला नव्हता; मी काढला की उठून जायचा. आता दुकानं फिरून येतो आणि त्या रिकाम्या जागेत जुळ्यांना घेऊन बसतो. काल त्यांना सांगत होता की आजोबा बेतायला लागले की मी टेबलाखाली बसायचो, वरून चिंध्या पडायच्या त्या झेलायचो. मला हे माहीत नव्हतं, वन्सं. मी बैठकीत पुस्तक उघडं धरून ऐकत होते. अजून थोडे दिवस शोधू दे त्याला.