दोन्ही ऐश बंद

शनिवार, ५ ऑक्टोबर

"ऐश बंद. एक घाससुद्धा नाही!" — डॉक्टर मेधत. इजिप्तचे आहेत, 'ज'च्या जागी 'ग' म्हणतात, पण हे वाक्य मात्र अगदी स्वच्छ बोलले. तीन महिन्यांची साखर नऊ आली आहे. डिसेंबरअखेर साडेसातच्या खाली आणली तर गुडघ्याचं ऑपरेशन, नाही तर नाही.

म्हणजे भात बंद! एकसष्ट वर्षांत भाताशिवाय माझी एक दुपार गेलेली नाही. आपल्या आखाती लोकांनी भाताचं नावच ऐश, म्हणजे जगणं, ठेवलंय — उगीच नाही.

पण गुडघा हवाय. दोन वर्षं झाली, संध्याकाळी मुसाअद समुद्रकाठी चालतो आणि मी गाडीत बसते. दर फेरीला काचेवर टकटक करून जातो. लग्न झाल्यापासून त्या रस्त्यावर आम्ही दोघं चालत होतो. मला ती काच नको झालीय.

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फ्रिजवर लावली. "ऐश बंद. साखर, खजूर बंद. मासे, मटण, अंडी, भाज्या पोटभर. बाकीचं बेताने."

रविवार, ६ ऑक्टोबर

तीस वर्षं शाळेत वेळापत्रकं केली, आता पोटाचं करते. आठवड्याचे सात दिवस, दिवसाचे तीन तास — न्याहारी, दुपार, रात्र. पापलेट दोनदा, कोंबडी दोनदा, मटणाचा रस्सा एकदा, अंडी रोज. आज सकाळीच बारा अंडी उकडली, कोंबडीला वाळलं लिंबू आणि लसूण चोळून ठेवलं, काकड्या चिरून डब्यात भरल्या. आयत्या वेळी भूक लागली की माणूस भाताच्या पातेल्याकडेच धावतो, म्हणून सगळं आधी तयार हवं.

मुसाअद म्हणाला, "घरी माझ्यासाठीही भात लावू नकोस. दुपारी तुझ्या ताटातलं खाईन. माझी ऐश मी रात्री दोस्तांबरोबर बू-जासिमच्या बैठकीत करीन."

"लावला असता की तुझ्यापुरता!"

"आणि मीठ बघायला चमचाभर कोण खाणार, उम्म फहद?"

'फहदची आई' अशी हाक मारली की समजावं, पकडलं. ओळखून आहे मला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

फुलकोबी किसून तिचा 'भात' केला. मुसाअदने एक घास घेतला आणि विचारलं, "हिला काय झालं होतं?" वेळापत्रकातून फुलकोबीचं नाव कमी केलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज एक शोध लागला. चिठ्ठी पुन्हा वाचली. खुबुजचं नावच नाही! कोपऱ्यावरच्या भट्टीतली गरम, तीळ लावलेली रोटी — डॉक्टर विसरले. 'बाकीचं बेताने' — म्हणजे खुबुज बेताने. आठवण करून देऊ? छे. गृहपाठ द्यायला विसरलेल्या बाईंना आठवण करून देणारी मुलगी मला वर्गात कधीच आवडली नाही.

बेताने खाल्ली. दीड.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

वेळापत्रक झकास चाललंय. आता दर शनिवारी रश्शाचे डबे भरून गोठवून ठेवते, वर वार लिहिते. रोज सकाळी खुबुज आणि चीज, दुपारी रश्शाबरोबर खुबुज. मुसाअदला दिली तर हात हलवतो — "काल तिकडे गळ्यापर्यंत झालंय." मग तिथल्या मटण-भाताचं, मचबूसचं वर्णन! मटण कसं सुटत होतं, वर बेदाणे कसे होते. अशा वेळी या माणसाच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बोटाला टोचायच्या यंत्रावर सकाळची साखर — दहा. सातच्या आत हवी. काल दहा. परवा साडेदहा. पाच आठवडे भाताचा कण नाही, आणि ती बया हलायला तयार नाही! यंत्र बिघडलंय असं समजून मुसाअदच्या बोटाला टोचलं. त्याची पाच आली. "ऐश खाणाऱ्याची पाच आणि न खाणारीची दहा! न्याय आहे का हा?" मी ओरडले. तो घाईघाईने कार धुवायला गेला.

खरं सांगायचं तर आज रडले थोडी. संध्याकाळी गाडीत बसायलाही गेले नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

हसावं की डोकं आपटावं!

सकाळी भट्टीवर रांगेत उभी होते. पुढे आमच्या इमारतीचा रखवालदार अतिया, तोही इजिप्तचा. भट्टीवाल्याला म्हणाला, "सहा ऐश दे रे, गरम."

मी म्हटलं, "अतिया, इथे तांदूळ कधीपासून मिळायला लागला?"

तो हसायला लागला. "तांदूळ कसला, हाज्जा? आमच्याकडे ऐश म्हणजे ही!" आणि रोटीवर थाप मारली. "भाताला आम्ही रुझ म्हणतो. इथे आलो तेव्हा पहिल्याच दिवशी खानावळीत ऐश मागितली, तर परातभर भात पुढे आला!"

तोवर माझ्याही हातात तीन रोट्या पडल्या होत्या. गरम, तीळ लावलेल्या.

डॉक्टर मेधत — इजिप्तचे! "एक घाससुद्धा नाही" म्हणाले ते हिच्याबद्दल! आणि मी चार आठवडे तीच दोन्ही वेळेला हादडतेय, वर शहाणपणा मिरवतेय. तिन्ही रोट्या अतियाला देऊन टाकल्या. तो बिचारा दुवा देत गेला.

मुसाअदला सांगितलं तर हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. डोळे पुसत म्हणाला, "अगं, मग डॉक्टरांना नीट विचारून ये ना, भाताचं काय ते."

"जाऊ आणि नाक कापून घेऊ? तीस वर्षं अरबी शिकवलं मी, बू फहद! अरबी!"

तो पुन्हा आडवा झाला.

ठरलं. विचारणार नाही. दोन्ही ऐश बंद — त्यांचीही, आपलीही. हातात सात आठवडे आहेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

नवं वेळापत्रक. खुबुजच्या जागी भाजलेलं वांगं, भाताच्या जागी... जागा रिकामीच ठेवलीय. सकाळची साखर आठ! पाच दिवसांत! स्वयंपाकघरात एकटीने टाळ्या वाजवल्या.

शुक्रवार, ६ डिसेंबर

लाँड्रीवाल्या हनीफशी भांडण झालं. मुसाअदची दिशदाशा, त्याचा पांढरा पायघोळ झगा, बदलून दुसऱ्याच कुणाची दिली! खांद्यावरून उतरतेय, पोटाशी मुठीत मावेल एवढं कापड मोकळं. एक नाही, तीन! हनीफ शपथेवर शपथ घेत होता — "बाई, शिक्का बघा, तुमचाच नंबर आहे." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मुसाअद मध्ये पडला — "जाऊ दे ना, हवा खेळती राहते." वा रे! कपडे हरवले तरी याला काही नाही.

माझाही झगा सैल झालाय, पण तो माझ्या मेहनतीने.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळची साखर साडेसहा. तीन दिवस सलग. कुणाची नजर न लागो.

रविवार, २९ डिसेंबर

तीन महिन्यांची साखर — सात पूर्णांक तीन!!!

डॉक्टर मेधत खुर्चीतून उठले. आनंदाच्या भरात मी सगळं सांगून टाकलं — खुबुज, अतिया, अरबीच्या बाईंची फजिती. ते टेबलावर हात आपटून हसले. मग एकदम थांबले.

"पण हाज्जा, भात का सोडलात?"

"तुम्हीच..."

"मी ऐश म्हटलं! भात 'बाकीच्या'त होता. छोटी वाटी चालली असती. रोज!"

रोज. छोटी वाटी. तीन महिने मी भाताच्या वासाला मुकले, आणि तो बंद नव्हताच! मुसाअद बाहेर बसला होता. त्याला सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "रोज चालला असता?" मग म्हणाला, "असो. गुडघा मिळाला ना."

ऑपरेशन १९ जानेवारी. संध्याकाळी गाडीत बसले, आणि या वेळी काच खाली करून ठेवली.

शुक्रवार, ३ जानेवारी

पहिलं मचबूस. वेळापत्रकात लाल शाईने लिहिलं होतं. दोन वाट्या, मोजून — एक त्याची, एक माझी. वाळलं लिंबू, दालचिनी, वर टोमॅटोचा तिखट दगूस. झाकण काढलं तेव्हा दोघंही पातेल्यावर वाकलो.

मुसाअदने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते.

"काय झालं?"

"दगूस तिखट झालाय."

"रोज रात्री ऐश खाणारा माणूस तू! एका वाटीने एवढं काय?"

त्याने बोटाने वाटी पुसून खाल्ली, लहान मुलासारखी.

शनिवार, ४ जानेवारी

बू-जासिमच्या बायकोचा, उम्म-जासिमचा फोन आला. "बाई, आता तरी नवऱ्याला ऐश घाल! तीन महिने आमच्याकडे काकडी चघळत बसायचा. सगळे टोमणे मारायचे, पण परातीला हात लावला नाही. म्हणायचा, तिला सांगू नका, कळलं तर ती माझ्यासाठी हट्टाने भात लावेल, आणि मग बिचारी वासानेच मोडेल."

उद्या सकाळी आधी हनीफच्या लाँड्रीत जायचंय. माफी मागायला.