पखवाज कपाटात, बाबा देवळात

सुशांत,

बोटांच्या भेगांतून रक्त आलं म्हणून तू पखवाज कपाटात कोंडलास आणि किल्ली घेऊन कामाला गेलास. मी तरीही देवळात मुलांना शिकवायला चाललोय.

रात्री कोमट पाण्यात बोटं भिजवून कोकमाच्या बियांचं मुठेल वितळवून चोळतो, वर सुती हातमोजे चढवतो. भेगा भरत आल्यात. त्या पुरत्या भरेपर्यंत देवळातल्या पखवाजालाही हात लावणार नाही, बोल तोंडाने सांगेन.

जत्रेत भजनाला वाडीतली दुर्गा वाजवणार आहे. काल रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, माका जमाचा नाय." तिचीही बोटं थंडीने फुटलीत, म्हणून मुठेलाची डबी नेतोय.

किल्ली खुशाल तुझ्याकडे ठेव. भेगा बोटांना पडल्यात, तोंडाला नाहीत.

बाबा