आत्याच्या खोलीला परवानगी मिळाली

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा खोकला आणि तुझी घरमालकीण, तिघांच्याही तब्येती ठीक असतील (तिसरीची नसली तरी चालेल). "स्वतंत्र खोली आणि दाराला माझी कडी असेल तरच तुमच्याकडे राहायला येईन," असं तू बजावलं होतंस. तर आत्या, माडीवरच्या खोलीची बांधकाम परवानगी मिळाली, आणि ती या तुझ्या अर्धवट भाच्याने मिळवली.

सुरुवातीला नगरपालिकेच्या त्या ऑफिसात माझं तोंडच उघडत नसे. मग मी नियमांच्या पुस्तकालाच हात घातला. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे आपल्या जागेवर सगळे मजले धरून किती बांधता येतं त्याची मर्यादा, हे मी आता झोपेतही सांगतो (तुझी भाचेसून साक्षीला आहे). सामासिक अंतर म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, तिथे काही बांधायचं नाही. हल्ली मला पाहून शेजारचे वकील रस्ता ओलांडतात.

नकाशावर सही आर्किटेक्टची, डोकं माझं. शेवटच्या फेरीला साहेबांची पेन्सिल एका कोपऱ्यावर थांबली. "हे सामासिक अंतरात येतंय." पूर्वीचा मी असतो तर हात जोडले असते. मी म्हटलं, "मग काढून टाका." त्यांनी "नक्की?" असं दोनदा विचारलं. आर्किटेक्ट खोकायला लागला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. नकाशा दुरुस्त झाला, शिक्का बसला, गंगेत घोडं न्हालं. ऑफिसच्या पायऱ्या मी लग्नातल्या नवऱ्यासारखा उतरलो.

आता सामान बांधायला घे.

तुझा लाडका (आता तरी म्हण) भाचा

ता. क. काढून टाकला तो जिना होता. घरी नकाशा पसरल्यावर तुझ्या भाचेसुनेने एवढंच विचारलं, "आत्या वर जाणार कशा?"

ता. क. २. म्हणून खालची आमची खोली तुझी. खोली बांधून झाली की वर आम्ही जाऊ, घरातल्या घरात जिना मंजूर होईपर्यंत शिडीने. टेकवलेली शिडी बांधकामात मोडत नाही, साहेबांना विचारून आलो (ते प्रथमच हसले). तेव्हा येताना तुझी माळ्यावर चढायची लांब शिडी तेवढी घेऊन ये.

ता. क. ३. शिडी राहिली तरी तू ये. तुझ्या दाराला आतून नवी कडी बसवली आहे. तिला परवानगी लागत नाही, मी वाचून घेतलं.