धाकटीच्या खोलीची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती, राहणार तिसरा मजला (या इमारतीत लिफ्ट नाही, कृपया हसू नये), पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याची काळजी मी देवावर सोपवली आहे, पण कागदपत्रांचा भार त्याच्यावर टाकणं बरं नव्हे.

कलम एक. राहती जागा आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला, पूर्ण मालकी हक्काने. टीव्हीचा रिमोटही तिलाच. त्याचा ताबा लग्नापासून तिच्याकडेच आहे. जागेतली एक खोली मात्र यातून वगळली आहे. तिच्याबद्दल कलम चार पाहावे.

कलम दोन. चौथ्या मजल्यावरचे सद्गृहस्थ रोज पहाटे पाचला खुर्च्या सरकवतात. त्यांना काहीही देऊ नये. त्यांच्यामुळे मला वीस वर्षं पहाटेच्या प्रार्थनेची सवय लागली हे खरं. तरीही देऊ नये.

कलम तीन. हत्यारांची पेटी माझ्या भागीदाराला. बाजार त्याला 'आलोच' म्हणतो, कारण तो तसं म्हणून जातो आणि येत नाही. मोठा पाना त्याने आधीच नेला आहे, तो पेटीत शोधू नये.

त्याच्यावर माझा एक जुना राग आहे, तो इथे सोडतो. बावीस वर्षांपूर्वी माझी धाकटी तापाने गेली. अकरा वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षं मी देवाशी बोललो नाही. मग एका रविवारी एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत एक निवृत्त शिक्षिका. आमच्या धंद्यात नियम आहे, की दुरुस्तीला हात लावणाऱ्याने मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी चुकून लिफ्ट चालू करत नाही. आलोचने फ्यूज खिशात टाकला, बाईंना "आलोच" म्हणाला आणि सुटा भाग आणायला गेला तो गेलाच. मी पोचलो तेव्हा माझ्या हाती काहीच नव्हतं. हाताने चाक फिरवून लिफ्ट उतरवायलासुद्धा दोन माणसं लागतात.

दाराच्या फटीतून म्हटलं, "बाई, मी आलोय, पण मला काहीच करता येत नाहीये."

आतून आवाज आला, "बसता येतं ना? मग बसा की."

दीड तास बसलो. धाकटीचं सगळं सांगितलं. बाईंनी देवाबद्दल चकार शब्द काढला नाही. दाराशी कुणीतरी आहे, एवढ्यावरच त्या आत निवांत होत्या, मधूनच हसतही होत्या. माझ्याही दाराशी दोन वर्षं कुणीतरी बसून असेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि मी जिन्यात बसून ढसाढसा रडलो. त्या दिवसापासून देवाशी पुन्हा बोलतो, भांडतोही रोज. तेव्हा आलोच, त्या दिवशी घातलेल्या शिव्या परत घेतो. पाना परत कर.

कलम चार. धाकटीची खोली मी ती गेली तेव्हाच कुलूप लावून बंद केली, ती आजतागायत बंद आहे. मुलगा, सून आणि दोन्ही नाती बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने झोपतात. मुलाने एकदा विषय काढला, तर मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो पुन्हा बोलला नाही. देवावर सगळं सोपवलं म्हणतो खरा, पण ही किल्ली मी त्यालाही दिली नाही. माझ्या पश्चात खोली उघडून नातींना द्यावी.

इथपर्यंतचा मसुदा आज सकाळी तळमजल्यावरच्या वकीलबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, 'माझ्या पश्चात' कशाला? आत्ता कोण अडवतंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नाव सुचलं ते माझंच.

वर आलो. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. दार उघडलं तेव्हा मुलगा माझ्यामागे उभा होता. "बाबा, नक्की ना?" एवढंच म्हणाला आणि त्याने माझा खांदा घट्ट धरला. पत्नी डोळे पुसत म्हणाली, "बाजूला व्हा, झाडू आणते." खिडकीजवळचा पलंग कुणाचा, यावरून नातींचं लगेच कडाक्याचं भांडण जुंपलं. बावीस वर्षांनी त्या खोलीत आरडाओरडा झाला. मी देवाला मोठ्याने म्हटलं, "घे बाबा, ही पण घे."

सबब कलम चार रद्द. कारण: लिहिणारा जिवंत असतानाच त्याची अंमलबजावणी झाली.

मंगळवारी काय व्हायचं ते होवो. मी आनंदात आहे.

साक्षीदार:
१. वकीलबाई, तळमजला (सही)
२. आलोच, भागीदार (सही; दोन तास उशिरा, पाना न आणता)

लिहून देणार: (सही)

दिनांक: ९ मार्च, रविवार
स्थळ: धाकटीची खोली