वेणी घालणारा हात

आई, पेठच्या शाळेत शिकवून परत येताना तू एसटीत उजव्या खिडकीशी बसली होतीस, कोपर बाहेर, आणि समोरून आलेला ट्रक घासून गेला. हाड सांधलं, पण आतली नस दुखावली ती दुखावलीच. आपल्या नाशिकच्या दोन खोल्यांत मग पंखा लावायची सोय राहिली नाही. वारा लागला तरी तुझा हात पेटल्यासारखा व्हायचा. पदराचा स्पर्श नको, माझाही नको.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी दंडात, त्या नसेला लागून, बारीक तार बसवली. तिला वीज देणारी डबी तू कमरेला लावायचीस. "नुसत्या मुंग्या येताहेत गं!" म्हणालीस आणि हॉस्पिटलच्या खाटेवरच माझे केस विंचरायला घेतलेस. मी कॉलेजात जाणारी घोडी, पण त्यानंतर रोज सकाळी तुझ्यापुढे पाट ओढून बसायची. तू दोन्ही हातांनी वेणी घालायचीस, चहा निवून जायचा.

पावसाळा संपला तसं तू डबीचं बटण थोडं थोडं वाढवायला लागलीस. मला सांगितलं नाहीस. एकदा आरशात तुझा चेहरा दिसला, ओठ दातांत धरलेला. त्याच दुपारी मी केस मानेपर्यंत कापून आले. केवढी चिडलीस! "दुखत होतं ते मला. मला विचारलंस का?"

डॉक्टर म्हणाले, तार तुटलेली नाही, डबीही ठीक आहे. "बाई, शरीर बाहेरची वस्तू ओळखतं, तिच्याभोवती जाड पापुद्रा धरतं. मग वीज त्या नसेला नीट पोचत नाही. तो काढून तार जरा वर बसवू. पण पुन्हा धरणारच नाही, असं सांगत नाही."

तू हाताकडे बघत म्हणालीस, "त्या बिचाऱ्याला काय कळतंय, औषध कुठलं नि काटा कुठला."

दुसऱ्या वेळी निम्मं दुखणं गेलं, निम्मं राहिलं. फळ्यावर तू डाव्या हाताने लिहायला शिकलीस. माझे केस वाढेपर्यंत धीर धरलास, आणि लग्नाच्या सकाळी माझा खोपा तूच घातलास, सावकाश, मधेमधे थांबत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. ते दुसरं ऑपरेशन तू कुणासाठी करून घेतलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. माझ्यासाठीच, असं धरून चालले. अजूनही तसंच धरून आहे, कारण तसं वाटणं मला फार आवडतं.